टाच, पंजा आणि कसारा घाट

सोमवारी पहाटे पावणेपाचला पाथर्डी फाट्यावरून मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या तुम्ही कधी बघितल्यात? नसतीलच. सुज्ञ माणसं त्या वेळी झोपलेली असतात. त्या गाड्यांमध्ये एक माझी असते. शुक्रवारी रात्री ऐरोलीहून नाशिक, सोमवारी पहाटे नाशिकहून ऐरोली. आईच्या हातचं दोन दिवस खायचं आणि मग नऊच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून जांभया द्यायच्या, असा गेली चार वर्षं चाललेला कार्यक्रम.

तर या चार वर्षांत मी कसारा घाट किती वेळा उतरलो असेन याचा हिशोब केला. दीडशेच्या वर भरतो. त्यातला एक उतार मी विसरू शकत नाही आणि हा लेख त्याच्यामुळेच लिहितोय. मथळा वाचून तुम्हाला वाटलं असेल की हा आता रेसिंगच्या गप्पा मारणार. मारणार आहेच, पण जरा थांबा.

ऑगस्ट २०२३. डोंबिवलीला मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. गाडीत आई, आजी, धाकटी बहीण आणि मी. डिकीत डबे, साड्यांच्या पिशव्या आणि मावशीसाठी अर्धा कट्टा तांदूळ (डोंबिवलीत तांदूळ मिळत नाही असा आमच्या घरात ठाम समज आहे). गाडी म्हणजे दहा वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे झालं त्यात तिची चूक काडीमात्र नव्हती.

इगतपुरी सोडलं, घाटनदेवीला आजीने गाडीतूनच हात जोडले आणि उतार सुरू झाला. पाऊस, धुकं, आणि पुढे एक लोखंडी सळ्या भरलेला ट्रक रांगत चाललेला. ओव्हरटेक करायला रस्ता दिसत नव्हता, म्हणून मी त्याच्या मागे. गिअर चौथा. पाय ब्रेकवर. पाय ब्रेकवर म्हणजे दाबला-सोडला असं नाही, ठेवलेलाच. अर्धा घाट मी तसाच उतरलो. मध्येच आई म्हणाली, "कसला रे जळकट वास येतोय?" मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचा असेल."

ट्रकचा नव्हता.

पुढच्या वळणाच्या आधी पाय दाबला आणि पेडल खाली गेलं. म्हणजे अगदी तळाला नाही, पण रोज जिथे ब्रेक 'पकडतो' तिथे काहीच नव्हतं, नुसतं स्पंजासारखं मऊ. तो क्षण मला नीट सांगता येत नाही. भीती नंतर वाटली. त्या वेळी डोक्यात आलं ते एवढंच, की पुढे सळ्या आहेत. पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं, थोडा जोर परत आला. क्लच दाबून गिअर थेट दुसऱ्यात कोंबला आणि क्लच सोडला. इंजिन किंचाळलं, गाडीने असा हिसका दिला की आजीच्या मांडीवरचा लाडवांचा डबा समोरच्या सीटवर आपटला. पण वेग पडला. हँडब्रेक ओढत ओढत कडेला थांबलो. चाकातून वाफ निघत होती. बहीण रडत होती. आजीने विचारलं, "आलं का कसारा?"

पाऊण तास आम्ही तिथे उभे होतो.

आता इंजिनिअर आहे म्हटल्यावर नंतर आकडेमोड आलीच. इगतपुरी ते कसारा उंचीचा फरक साधारण ३०० मीटर. माणसं-सामान धरून गाडी १२५० किलो. म्हणजे वरून खाली येताना सुमारे ३७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. एवढ्या ऊर्जेत अकरा-बारा लिटर गार पाणी उकळतं, म्हणजे आंघोळीची जवळजवळ एक बादली. यातली थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, पण ट्रकच्या मागे रांगताना हवेचा विरोध असून असून किती असणार? उरलेली सगळी मी त्या चार चाकांतल्या ब्रेकांत ओतली होती. आणि ब्रेक ऑइल (ते ऑइल नसतं, पण आपल्याकडे तसंच म्हणतात) हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी शोषून जुनं झालं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ. आधीच्या मालकाने ते ऑइल कधी बदललं होतं देव जाणे, आणि मी तर बदलायचं असतं हेच जाणत नव्हतो. पाच वेळा धुऊन पॉलिश मात्र केली होती. असो.

ही कथा मी पुढच्या शनिवारी मामांना सांगितली. मामा एसटीत ड्रायव्हर होते, एकोणतीस वर्षं. त्यातली निम्मी नाशिक-मुंबईवर गेलेली. मला वाटलं झापतील. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"कितव्यात होता?"

"चौथ्यात."

मामांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं. एवढं पण शिकवलं नाही का तुला क्लासवाल्याने?"

खरंच नव्हतं शिकवलं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी सगळे धडे सपाट रस्त्यावर दिले, आणि आरटीओची परीक्षाही सपाट मैदानातच झाली. आठचा आकडा काढून दाखवला, लायसन मिळालं.

आता माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट नडली की तिच्या मुळाशी जाईपर्यंत चैन पडत नाही. (ऑफिसात याला 'रूट कॉज' म्हणतात, घरी 'याचं आता सुरू झालं' म्हणतात.) घाटात दुसरा गिअर टाकला तेव्हा एवढा हिसका का बसला? तर साधं आहे. माझ्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला काटा २४०० च्या आसपास असतो. त्याच वेगाला दुसऱ्यात तो ३५०० ला हवा. क्लच दाबल्यावर इंजिनचे फेरे मात्र उलट कमी होत जातात. मग क्लच सोडला की चाकं इंजिनला ओढून ३५०० ला नेतात, आणि तो सगळा धक्का चाकांवर येतो. कोरड्या रस्त्यावर मान हलते, एवढंच. ओल्या उतारावर वळणात पुढची चाकं घसरू शकतात. यावर उपाय म्हणजे क्लच दाबलेला असताना एक्सलेटरला एक टिचकी मारायची, फेरे वर आणायचे आणि मग क्लच सोडायचा. गाडीला कळतसुद्धा नाही.

पण उजवा पाय तर ब्रेकवर आहे! टिचकी कोणी मारायची?

इथे येतं ते हील-अँड-टो. टाच-पंजा म्हणा हवं तर. पंजाने ब्रेक दाबून ठेवायचा आणि त्याच पायाच्या टाचेने किंवा बाहेरच्या कडेने एक्सलेटर हलवायचा. डावा पाय क्लचवर, डावा हात गिअरवर. आयर्टन सेनाचा एक प्रसिद्ध व्हिडिओ आहे, सुझुका ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवतानाचा. पांढरे मोजे, साधे ऑफिसला घालतात तसले बूट, आणि पाय तबल्यावरच्या बोटांसारखे चाललेत. मी तो इतक्या वेळा बघितला की बहिणीने विचारलं, "तू माणसाचे पाय का बघत बसतोस?"

मग सराव. आधी बंद गाडीत, पार्किंगमध्ये. वॉचमन काका दोन दिवस लांबून बघत राहिले, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "पायाला मुंग्या आल्यात का?" मग रविवारी पहाटे गंगापूर धरणाच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर. पहिले दोन आठवडे माझी गाडी उचकी लागल्यासारखी चालायची. एकदा टाच एक्सलेटरवर टेकवण्याच्या नादात पंजा ब्रेकवर इतका जोरात बसला की कपाळ आरशाला लागता लागता राहिलं. कोल्हापुरी घालून प्रयत्न केला तर चप्पल दोन पेडलांच्या मध्ये फिरते. हे प्रकरण धोक्याचं आहे, करू नका. पातळ तळव्याचे कॅनव्हास बूट उत्तम.

आणि एक गोष्ट कोणत्याच व्हिडिओत सांगितली नव्हती. आपल्या साध्या गाड्यांत ब्रेकचं पेडल एक्सलेटरपेक्षा बरंच वर असतं. रेसमध्ये ब्रेक जीव खाऊन दाबतात, तेव्हा ते खाली जाऊन एक्सलेटरच्या पातळीला येतं, मग पाय सहज आडवा पडतो. रोजच्या रस्त्यावर आपण ब्रेक हलका लावतो. पेडल वरच राहतं आणि टाच खाली एक्सलेटरपर्यंत पोचतच नाही. पोचवायला गेलं की ब्रेक जास्त लागतो. म्हणजे द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये किंवा सीबीएससमोर हील-टो करणारा माणूस एक तर थापा मारतोय किंवा मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खातोय. सिग्नलपाशी येताना ब्रेक लावावा, थांबावं, पहिला टाकावा. बास.

दुसरा गैरसमज माझाच होता. मला वाटायचं रेसर लोक ब्रेक वाचवायला गिअर उतरवतात. मुळीच नाही. त्यांचे ब्रेक इंजिनापेक्षा कितीतरी पटीने ताकदवान असतात, गाडी थांबवायचं काम तेच करतात. गिअर उतरवायचा तो वळणातून बाहेर पडताना योग्य गिअर हातात असावा म्हणून. आणि फेरे जुळवायचे ते ब्रेक लागत असताना चाकं घसरू नयेत म्हणून. घाटातली गोष्ट वेगळी. तिथे मिनिटाभराचा प्रश्न नसतो, दहा-पंधरा मिनिटं सतत उतार असतो. तिथे इंजिनने धरायचं आणि ब्रेक राखून ठेवायचा. नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे, राष्ट्रीय रॅली स्पर्धेतली रॅली ऑफ महाराष्ट्र आमच्याकडच्या मातीत झालेली आहे. त्यामुळे कॉलेजात असताना आमच्यातला प्रत्येक जण अर्धा रॅली ड्रायव्हर होता. पण हा फरक आमच्यापैकी एकालाही सांगता आला नसता.

तर, दोन महिन्यांनी जमलं. 'जमलं' म्हणजे दहातून सात वेळा. मग मी मामांना घेऊन घाटात गेलो, कौशल्य दाखवायला. दुसरं काय!

घाटनदेवीला उतरून दर्शन घेतलं. निघालो. पहिल्या वळणाआधी ब्रेक, क्लच, टाच, गिअर, सगळं लोण्यासारखं. फेरे जुळले, हिसका शून्य. मी मामांकडे बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या वळणालाही तसंच. तिसऱ्या वळणाला ते म्हणाले, "तू प्रत्येक वळणाला गिअर का बदलतोय?"

"म्हणजे?"

"अरे, वरतीच दुसरा टाकला असता तर खालपर्यंत पायाला काम राहिलं नसतं. एका पायाने दोन कामं करायची वेळ येते, कारण एक काम करायला तुला उशीर झालेला असतो."

आता यावर काय बोलणार? सेनाला कोणी असं म्हटलं असतं का? (सेनाच्या मागे मुंबई आगाराचं वेळापत्रक नव्हतं हेही खरं.)

मग त्यांनी डबल क्लचची गोष्ट सांगितली. जुन्या एसटीच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नव्हता. आपल्या गाड्यांत गिअर टाकताना आतले दाते आधी एकमेकांच्या वेगाला आणून देणारी पितळी कडी असते, म्हणून आपण निर्धास्त असतो. त्या गाड्यांत ते काम ड्रायव्हरचं. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, रेस द्यायची, परत क्लच, आणि मग गिअर. रेस कमी पडली की खर्रर्र. गिअर जातच नाही. आणि उतारावर गिअर गेला नाही की गाडी न्यूट्रलमध्ये. प्रत्येक सेकंदाला वेग वाढणार, आणि वेग वाढला की आणखी जास्त रेस लागणार, म्हणजे गिअर बसणं आणखी अवघड.

"तुमचं कधी चुकलं?" मी विचारलं.

मामा थोडं थांबले. मग म्हणाले, "एकदा."

रात्रीची गाडी होती. पावसाळाच. याच घाटात, वरच्या टप्प्यात. झोप डोळ्यावर होती, तिसरा काढला आणि दुसरा बसेना. गाडी भरलेली, पन्नासच्या वर माणसं. ब्रेक होता, पण आधीच तापलेला, तो तिथेच संपवला तर खाली काय? त्यांनी एक्सलेटर तळाला नेला, इंजिन ओरडलं, आणि दुसऱ्या प्रयत्नात गिअर बसला. "चार सेकंद असतील. पाच." कंडक्टरने मान वर करून बघितलं आणि परत तिकिटांचा हिशोब करायला लागला. गाडीतलं एकही माणूस उठलं नाही. खाली कसाऱ्याला थांबल्यावर मामा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले, पाय थरथरत होते म्हणून.

"मामींना सांगितलं होतं?"

"तिला कशाला?"

घाटाच्या दुसऱ्या अंगाने आपली रेल्वे जाते. सदतीसास एक असा चढ, १८६५ साली सुरू झालेला मार्ग. नाशिककर पोरांना चढणीचे बँकर माहीत असतात. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं लागतात, ढुशी बसते, चहा सांडतो. पण त्याच घाटात कॅच सायडिंग नावाचा प्रकार आहे, तो कोणी बघत नाही. उतारावर ताबा सुटलेल्या गाडीला मुख्य रुळावरून वळवून चढाच्या रुळावर घालायचं, म्हणजे ती आपोआप थांबते. दीडशे वर्षांहून जुन्या या मार्गाने हे गृहीतच धरलंय की ब्रेक कधीतरी दगा देणार. मी मात्र अर्धा कट्टा तांदूळ घेऊन चौथ्या गिअरात निघालो होतो.

मग हील-टो शिकून फायदा काय झाला? मामांच्या म्हणण्याप्रमाणे काही नाही. माझं मत जरा वेगळं आहे. नव्वद टक्के वेळा मामा बरोबर आहेत. उतार दिसला की आधीच वेग कमी करायचा, ब्रेक सोडायचा, मग शांतपणे क्लच, टिचकी, दुसरा गिअर. दोन्ही कामं वेगवेगळी. नुसती टिचकी मारायला कोणालाही एका रविवारात येते, आणि ती प्रत्येकाने शिकावी असं मी म्हणेन. क्लच वाचतो, मागे झोपलेली आजी उठत नाही. पण उरलेल्या दहा टक्क्यांत घाटातला ट्रक येतो, जो धुक्यातून अचानक तुमच्या निम्म्या वेगाने चाललेला दिसतो. तिथे ब्रेक जोरात लावलेला असतो (म्हणजे पेडल आपोआप खाली आलेलं असतं!), पाय उचलायची सोय नसते आणि खालचा गिअर आत्ता, लगेच हवा असतो. मागच्या जुलैत हे एकदा झालं. ओला रस्ता, समोर लाल दिवा नसलेला ट्रेलर. पाय आपणहून आडवा झाला, मी ठरवलं नव्हतं. तिसऱ्यातून दुसरा कधी पडला तेही कळलं नाही. एवढ्या एका वेळेसाठी दोन महिने वॉचमन काकांची थट्टा सहन केली, चालतंय.

मित्र म्हणतात, ऑटोमॅटिक घे की. घेईनही. पण ऑटोमॅटिकवाल्यांनो, घाटात तुमचा गिअरबॉक्स उतार ओळखेलच असं नाही. एएमटी असेल तर मॅन्युअल मोडला टाकून दुसरा धरा, सीव्हीटीला बहुधा 'एल' किंवा 'एस' असतो तो वापरा. आणि इलेक्ट्रिकवाल्यांची वेगळीच गंमत. उतारावर मोटर उलटी जनित्र होऊन बॅटरी भरते, ब्रेक गार राहतात, सगळं छान. पण इगतपुरीला शंभर टक्के चार्ज करून निघालात तर ती वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते, आणि गाडीचं ते धरणं कमी होतं. चहा भरलेल्या कपात आणखी चहा.

आता तर समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला सुरू झालाय. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, घाटाचं नावच नको. मीही पहाटे उशीर झाला की तिकडूनच जातो. मामांना एकदा नेलं होतं. बोगदा संपेपर्यंत गप्प होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "झोप येते रे यात."

म्हणून परवाच्या रविवारी त्यांना परत जुन्या रस्त्याने नेलं. त्यांचा डावा गुडघा आता क्लच दाबू देत नाही, त्यामुळे ते शेजारच्या सीटवर. ब्रेक ऑइल मी जानेवारीत बदललेलं आहे, दर दोन वर्षांनी बदलतो, फोनमध्ये रिमाइंडर लावलाय. घाटनदेवीला थांबलो, वरतीच दुसरा टाकला, आणि खालपर्यंत ब्रेकला मोजून नऊ वेळा पाय लावला. टाच एकदाही वापरली नाही.

कसाऱ्याला वडापावच्या गाडीपाशी थांबलो. मी ऑर्डर द्यायला गेलो तर मामा मागे दिसेनात. बघतो तर ते गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकून उभे, गुडघ्यावर एक हात, आणि दुसऱ्या हाताची पालथी बोटं रिमला लावलेली. तिकडून उठून पुढच्या दुसऱ्या चाकापाशी गेले. तिथेही लावली.

"गार आहे," म्हणाले. "मिरची सांग दोन जास्तीच्या."